जुनी डॅटसन दान करताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

'जुनी गाडी दान करा, आम्ही फुकट उचलून नेऊ, करातही सवलत मिळेल.' अमेरिकेत राहणाऱ्या कुणालाही ही जाहिरात पाठ असते. तिच्यात खोटं काही नाही. फक्त ती दारात पडून राहिलेल्या, विकायला गेलं तर हजार डॉलरही न येणाऱ्या गाडीसाठी लिहिलेली आहे. गॅरेजमध्ये १९७१ ची डॅटसन २४०-झेड झाकून ठेवली असेल, तर हिशेब पार बदलतो.

ही गाडी १९६९ च्या अखेरीस अमेरिकेत आली तेव्हा किंमत होती ३,५२६ डॉलर. २.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, लांब बॉनेट आणि युरोपियन स्पोर्ट्‌स गाड्यांपेक्षा कितीतरी कमी भाव. जपानात ती 'फेअरलेडी झेड' म्हणून विकली जात होती. डॅटसन बनवणाऱ्या निस्सानचे अमेरिकेतले अधिकारी युताका काटायामा यांनी ते नाव तिथल्या गाड्यांवर लागू दिलं नाही. आज हौशी लोक तिच्यासाठी चांगले पैसे मोजतात, आणि गैरसमजांची सुरुवात इथूनच होते.

सर्वांत पक्का गैरसमज असा : बाजारात गाडीची जी किंमत, तेवढी वजावट करात मिळते. २००४ पर्यंत साधारण तसं होतं, आणि लोकांनी त्याचा मनसोक्त फायदा घेतला. अमेरिकी संसदेच्या लेखा कार्यालयाने २००३ मध्ये ५४ दान-गाड्यांचा माग काढला. त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, दात्याने करासाठी दाखवलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती. पुढे कायदा बदलला. २००५ पासून, ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची असेल आणि संस्थेने गाडी सरळ विकून टाकली, तर तिला विक्रीतून जेवढे पैसे आले तेवढीच वजावट. तो आकडा संस्था '१०९८-सी' या फॉर्मवर लिहून देते. किंमत-पुस्तिकेत काय छापलंय, याला तिथे काही अर्थ नाही.

यातली खरी मेख मात्र भाव वाढलेल्या गाडीत आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. समजा गाडी ३,६०० डॉलरला घेतली होती आणि संस्थेने ती २८,००० ला विकली. मग वजावट २८,००० ची का? नाही. संस्थेने वस्तू स्वतःच्या कामासाठी न वापरता विकली, तर वाढलेल्या किमतीचा भाग वजावटीतून गळतो आणि मूळ खरेदीखर्चाच्या आसपासचा आकडा उरतो. गाडीत कायमची सुधारणा करायला घातलेला पैसा त्या खर्चात धरता येतो, तेव्हा पत्राकामाच्या आणि इंजिनकामाच्या पावत्या फेकू नका. तेलबदल नि ब्रेकपॅड यांची गणती त्यात होत नाही.

आणखी एक गोष्ट : ही वजावट फक्त खर्चांचा तपशील देऊन कर भरणाऱ्यालाच मिळते. २०२५ साठी जोडप्याची सरसकट वजावट ३१,५०० डॉलर होती. ज्यांचे तपशीलवार खर्च त्याच्या आत बसतात, त्यांना गाडी दिल्याचं पुण्य मिळेल, कर कमी होणार नाही.

'देण्याआधी गाडी चकाचक करावी', असंही पुष्कळांना वाटतं. अशा गाडीत तेच नुकसानीचं ठरतं. २४०-झेडचा जुना शत्रू गंज. बॅटरीखालचा पत्रा, पायाखालचा तळाचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि मागच्या चाकांपुढचे कोपरे तो आधी खातो. जाणकार गिऱ्हाईक वाकून तेच बघतो. मग बॉनेट उघडून इंजिनकप्प्यातली पट्टी वाचतो : 'एचएलएस३०' ने सुरू होणारा चासी नंबर, शेजारी इंजिन नंबर, आणि तो प्रत्यक्ष इंजिनावरच्या नंबराशी जुळतो का. वर घाईत मारलेला नवा रंग दिसला की त्याला पहिली शंका येते ती आत काय लपवलंय याची. बंद पडलेली, धुळीने माखलेली, पण मूळ अवस्थेतली गाडी अशा रंगवलेल्या गाडीपेक्षा जास्त भाव खाऊ शकते.

उलट बाजूचा भ्रमही आहेच. जानेवारी २०२० मध्ये एका ऑनलाइन लिलावात १९७० ची २४०-झेड ३,१०,००० डॉलरला गेली, आणि तेव्हापासून प्रत्येक झेडवाल्याला घरात खजिना असल्यासारखं वाटतं. ती गाडी अपवाद होती. तरी एवढं खरं, की फुकट उचलून नेणारा ट्रक गाडी नेतो ती बहुतेक वेळा घाऊक लिलावात. तिथे बोली लावणारे डीलर कोरोला आणि अकॉर्ड शोधत असतात. मधल्या कंपनीचा हिस्सा जातो तो वेगळाच.

संग्रहालयाची वाट वेगळी. नॅशव्हिलचं लेन मोटर म्युझियम किंवा लॉस एंजेलिसचं पीटरसन यांसारख्या संस्थेने गाडी खरोखर संग्रहात ठेवली, तर बाजारभावाने वजावट मागता येऊ शकते. ५,००० डॉलरच्या वर मान्यताप्राप्त मूल्यमापकाचा अहवाल लागतो, आणि संग्रहालयाने तीन वर्षांच्या आत गाडी विकली तर वजावटीचा काही भाग परत मोजावा लागू शकतो. अर्थात प्रत्येक झेड संग्रहालयाला हवीच असते असं नाही.

आपल्या मंडळींचा एक प्रश्न हमखास असतो : गावातल्या शाळेच्या ट्रस्टला थेट दिलं तर? भारतातल्या ट्रस्टला थेट दिलेल्या दानावर अमेरिकेत वजावट नाही. ती हवी तर महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या अमेरिकेत नोंदलेल्या संस्थेमार्फत जावं लागतं. आणि भारतात दानावरची करसवलत पैशांच्या दानालाच आहे, गाडीला नाही.

माझं मत विचाराल तर, गाडी चांगली असेल तर ती झेड ओळखणाऱ्या माणसाला स्वतः विका आणि आलेले पैसे दान करा. नफ्यावर कर लागेल, पण किंमत नीट येईल, संस्थेला रोख मिळेल आणि मधला कुणी खाणार नाही. करसल्लागाराला दोन्ही आकडे मांडायला सांगा. तरीही गाडीच द्यायची असेल, तर किल्ली देण्याआधी संस्थेकडून दोन गोष्टी लेखी घ्या : गाडी ठेवणार की विकणार, आणि विकली तर मधल्याला किती जाणार. शिवाय मालकीहक्काची कागदपत्रं संस्थेच्याच नावावर करा, रकाना कोरा ठेवू नका. कॅलिफोर्नियात असाल तर हस्तांतराची सूचना पाच दिवसांत वाहन विभागाला द्या, नाहीतर त्या गाडीचे पुढचे दंड तुमच्या पत्त्यावर येतील.