शोभिवंत पाऊलदगड

शोभिवंत पाऊलदगड म्हणजे बागेतील हिरवळीवर, वाफ्यांमधून किंवा मातीच्या अंगणात पावलागणिक अंतर सोडून बसविलेल्या नक्षीदार फरश्या. त्यांच्यामुळे चिखल न तुडविता चालता येते आणि दोन दगडांमधील जमीन उघडी राहिल्याने पावसाचे पाणीही मुरते. जपानमधील चहागृहांभोवतीच्या बागांत असे दगड बसविण्याची जुनी परंपरा असून तेथे त्यांना 'तोबिइशी' म्हणतात.

कोकणातील उपयोग

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील कामोठे ही सिडकोने विकसित केलेली वसाहत आहे. पनवेल खाडीलगतच्या या परिसरात जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस पडतो. सततच्या ओलाव्याने दगडांवर शेवाळ धरते व पाय घसरण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा ठिकाणी नक्षीइतकेच पृष्ठभागाच्या खरबरीतपणाला महत्त्व असते.

साहित्य व कृती

एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व तीन भाग बारीक खडी यांचे मिश्रण सामान्यतः वापरले जाते. पाणी बेताचेच घालतात. ते जास्त झाल्यास काँक्रीट सच्छिद्र व कमकुवत होते. साच्याला आतून तेलाचा हात देऊन मिश्रण निम्मे भरतात, त्यावर लोखंडी जाळी ठेवतात, उरलेले मिश्रण ओततात आणि ठोकून हवेचे बुडबुडे काढतात. ४० सेंमी व्यासाच्या व ५ सेंमी जाडीच्या गोल दगडाचे वजन सुमारे १५ किलो भरते.

मिश्रण घट्ट होऊ लागताच त्यात फुटक्या टाइल्सचे तुकडे, गारगोट्या किंवा शिंपले दाबून बसवितात. चकचकीत टाइल ओली झाली की निसरडी होते. म्हणून तिचे तुकडे लहान व कडेला ठेवून मधला भाग खरबरीत राखणे इष्ट ठरते. अळूच्या पानाची शिरांची बाजू ओल्या काँक्रीटवर दाबल्यास ठसाही उमटतो आणि पायाला पकडही मिळते.

सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने कठीण होते. त्यामुळे दगड ओल्या गोणपाटाखाली ठेवून नियमित पाणी मारावे लागते. आय.एस. ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार काँक्रीट किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंट वापरल्यास किमान १० दिवस ओले ठेवणे आवश्यक आहे. ओले सिमेंट त्वचेला भाजते. म्हणून रबरी हातमोजे वापरतात. टाइल्स फोडताना डोळ्यांवर चष्मा आवश्यक असतो.

बसविणे व निगा

दगडांच्या मध्यबिंदूंमधील अंतर साधारण ६० सेंमी ठेवतात; मुले व वृद्ध यांच्यासाठी ते कमी करतात. भरावाची माती पावसात खचते. म्हणून खड्डा धुम्मसाने ठोकून त्यात खडी व वाळूचा थर देतात. दगड हलत नाही याची खात्री झाल्यावरच कडेची माती भरतात. हिरवळीत तो जमिनीच्या पातळीत, तर उघड्या मातीत चिखल वर येऊ नये म्हणून एक-दोन सेंमी उंच बसवितात.

शेवाळ काथ्याच्या ब्रशने घासून काढतात. त्यासाठी ॲसिड वापरू नये, कारण त्याने सिमेंट झिजते व नक्षीचे तुकडे सैल होतात.