बिंदू, रेषा आणि पडद्यामागची फंक्शन्स

एडस्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाला सगळ्यात जवळचा रस्ता शोधण्याची पद्धत १९५६ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये सुचली आणि १९५९ मध्ये ती छापून आली. पद्धत सरळ आहे. ज्या ठिकाणांचं काम अजून झालेलं नाही, त्यांतलं सुरुवातीपासून सगळ्यात जवळचं ठिकाण उचलायचं, तिथून पुढे जाणाऱ्या रस्त्यांमुळे कुणाचं अंतर कमी होतंय का ते पाहायचं, आणि पुन्हा जवळचं ठिकाण उचलायचं. फळ्यावर समजावून सांगायला एक तास पुष्कळ झाला. पण हीच पद्धत पायथनमध्ये उतरवायला घेतली की एक अडचण समोर येते आणि तिचा भूमितीशी किंवा अंतराशी काही संबंध नसतो.

काम बाकी असलेल्या ठिकाणांची एक रांग असते, तिच्यात ‘अंतर आणि ठिकाण’ अशा जोड्या ठेवलेल्या असतात आणि दर वेळी सगळ्यात लहान जोडी बाहेर निघते. दोन ठिकाणं नेमकी सारख्या अंतरावर आली, तर लहान कोण हे ठरवण्यासाठी पायथन जोडीतला दुसरा घटक पाहतो, म्हणजे ठिकाणाचं नाव. एका ठिकाणाचं नाव ७ असेल आणि दुसऱ्याचं ‘गोदाम’, तर त्यांत लहान कोण? पायथन ३ या प्रश्नाचं उत्तर द्यायला नकार देतो आणि प्रोग्राम तिथेच बंद पडतो. दहा ठिकाणांच्या चाचणीत हे कदाचित दिसणारही नाही. खऱ्या माहितीवर, हजारो ठिकाणांत कुठेतरी दोन अंतरं जुळली की मग दिसतं.

पायथनच्या नेटवर्कएक्स या लायब्ररीत यावरचा उपाय एका आकड्याचा आहे. जोडीऐवजी त्रिकूट ठेवायचं: अंतर, रांगेत आल्याचा क्रमांक आणि ठिकाण. क्रमांक कुणाही दोघांचा सारखा नसतो, त्यामुळे तुलना ठिकाणाच्या नावापर्यंत पोचतच नाही. गणिताच्या दृष्टीने या क्रमांकाला काही अर्थ नाही आणि पाठ्यपुस्तकात तो सहसा सापडतही नाही. पण ठिकाणाला हवं ते नाव देण्याची मुभा वापरणाऱ्याला मिळते ती त्याच्यामुळे. एखादी लायब्ररी विश्वासाने वापरता येते की नाही, हे माझ्या मते अशाच जागी ठरतं.

नेटवर्कएक्सचं काम २००२ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेशी संबंधित मंडळींनी सुरू केलं. अ‍ॅरिक हॅगबर्ग, डॅन शुल्ट आणि पीटर स्वार्ट ही तिच्या मूळ कर्त्यांची नावं. २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. इथे ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा: माणसं आणि मैत्र्या, स्थानकं आणि रूळ, प्रथिनं आणि त्यांच्या परस्परक्रिया. बिंदूला नोड म्हणतात, रेषेला एज. आतली रचना पायथनच्या डिक्शनरीवर उभी आहे: सगळ्या नोडची एक डिक्शनरी, तिच्यात प्रत्येक नोडसमोर त्याच्या शेजाऱ्यांची, आणि प्रत्येक शेजाऱ्यासमोर त्या एजची माहिती. डिक्शनरीची की होऊ शकणारी जवळपास कुठलीही वस्तू नोड होऊ शकते. ही मोकळीक हा या लायब्ररीचा स्वभाव आहे, आणि तो सांभाळायचा तर बरीच बारीक कामं करावी लागतात. त्यांतली पुष्कळशी ‘यूटिल्स’ नावाच्या फोल्डरमध्ये एकत्र केलेली आहेत.

‘पेअरवाइज’ घ्या. ग्राफच्या कामात मार्ग हा बहुतेकदा नोडच्या यादीच्या रूपात हाती येतो: क, ख, ग, घ. अंतर मोजायचं तर मात्र रेषा लागतात: क-ख, ख-ग, ग-घ. चार नोडच्या तीन रेषा. प्रत्येकाने आपापला लूप लिहिला की कुणीतरी एक रेषा जास्त धरतो, कुणीतरी एक कमी. पेअरवाइज हे काम एकदाच आणि नीट करून ठेवतं. त्याला ‘सायक्लिक’ अशी खूण दिली, तर ते घ-क ही परतीची रेषाही जोडून देतं, म्हणजे वर्तुळाकार फेरी पूर्ण होते. २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं तेव्हा याच नावाचं फंक्शन भाषेच्या स्वतःच्या संचात दाखल झालं. परतीच्या रेषेची सोय मात्र त्यात नाही.

‘युनियन-फाइंड’ या गट सांभाळणाऱ्या मदतनीसाकडे जरा सावकाश पाहायला हवं. त्याच्या उपयोगाची कथा विजेच्या तारांपासून सुरू होते. पहिल्या महायुद्धानंतर मोराव्हियाच्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, गावांना वीज पुरवायची होती. सगळी गावं जोडली जावीत आणि तार कमीत कमी लागावी, हा प्रश्न ओटाकर बोरुव्का या गणितज्ञासमोर आला आणि त्याने १९२६ मध्ये तो सोडवला. १९५६ मध्ये जोसेफ क्रुस्कलने आणखी सुटसुटीत रीत दिली: सगळ्या संभाव्य तारा लांबीप्रमाणे लावा, सगळ्यात आखूड तारेपासून सुरुवात करा, आणि जी तार आधीच जोडल्या गेलेल्या दोन गावांना पुन्हा जोडते ती सोडून द्या.

‘आधीच जोडलेली आहेत का?’ हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो, पण सगळा वेळ तोच खातो. लाखो तारा असतील, तर तो लाखो वेळा विचारला जातो, आणि दर वेळी जाळं धुंडाळत बसलं तर काम उरकतच नाही. बर्नार्ड गॅलर आणि मायकेल फिशर यांनी १९६४ मध्ये सुचवलेली मांडणी, म्हणजेच युनियन-फाइंड, अशी: प्रत्येक गटाचा एक प्रमुख. प्रत्येक सदस्याजवळ आपल्या वरच्याचं नाव असतं. त्या नावांवरून वर चढत गेलं की प्रमुख सापडतो. दोन गावांचे प्रमुख एकच निघाले, तर ती एकाच गटातली आहेत. दोन गट जोडायचे तर एका प्रमुखाला दुसऱ्याच्या हाताखाली द्यायचं, बस.

यात दोन सुधारणा आहेत आणि दोन्ही नेटवर्कएक्सच्या कोडमध्ये प्रत्यक्ष वाचता येतात. पहिली: गट जोडताना लहान गटाचा प्रमुख मोठ्या गटाच्या प्रमुखाखाली जातो, त्यामुळे साखळ्या लांबत नाहीत. दुसरी मला फार आवडते. प्रमुख शोधायला वर चढताना वाटेत जे जे सदस्य भेटले त्यांची यादी ठेवली जाते, आणि प्रमुख सापडला की त्या सगळ्यांना थेट त्याच्याखाली आणलं जातं. पुढच्या वेळी त्यांच्यापैकी कुणाबद्दल विचारलं, तर एकाच पावलात उत्तर मिळतं. म्हणजे नुसता प्रश्न विचारण्याने रचना सुधारत जाते. रॉबर्ट टार्जनने १९७५ मध्ये सिद्ध केलं की या दोन युक्त्या एकत्र आल्या की दर प्रश्नामागचा सरासरी खर्च इतक्या मंदपणे वाढतो, की विश्वात मावेल एवढ्या कुठल्याही माहितीसाठी तो जवळजवळ स्थिरच समजावा. आणि हे सगळं कोड एका पानात मावतं. त्याचा मूळ साचा जोसाया कार्लसन यांचा, त्यात बरेच बदल केले कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतले प्राध्यापक डेव्हिड एपस्टाइन यांनी, त्यांच्या पायथन-संग्रहातून तो इथे आला, आणि तशी नोंद कोडच्या माथ्यावर ठेवलेली आहे. ही नोंद तिथे आहे याचं मला समाधान वाटतं. इतक्या लहान तुकड्याचं श्रेय सहज गाळता आलं असतं.

फाइलींचं काम मी भराभर सांगतो. ग्राफ वाचणाऱ्या फंक्शनला कुणी फाइलचं नाव देतं, कुणी आधीच उघडलेली फाइल, कुणी दाबून लहान केलेली जीझेड फाइल. ‘ओपन फाइल’ नावाचा डेकोरेटर, म्हणजे फंक्शनवर चढवलेलं वेष्टण, हे तिन्ही प्रकार सांभाळतो आणि स्वतः उघडलेली फाइल काम झाल्यावर बंदही करतो. ‘नोड्स ऑर नंबर’ असाच: ग्राफ बनवताना ५ हा आकडा दिला तर शून्य ते चार असे पाच नोड, आणि नावांची यादी दिली तर ती नावं. ‘डिस्पॅच’ची यंत्रणा अलीकडची आहे. तिच्यामुळे तोच प्रोग्राम तसाच ठेवून मोजणीचं काम ग्राफिक्स प्रोसेसरवर चालणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीकडे पाठवता येतं. नेटवर्कएक्स स्वतः शुद्ध पायथनमध्ये असल्याने मोठ्या जाळ्यांवर संथ चालते, तेव्हा ही सोय हवीच होती.

नशिबाचा हिशेब मात्र असा भराभर उरकता येत नाही. ग्राफ-विश्लेषणातल्या अनेक पद्धती यादृच्छिक आकड्यांवर चालतात. जाळ्यातले गट शोधणारी लूव्हँ पद्धत नोडचा क्रम पिसून घेते आणि क्रम बदलला की गटही थोडे बदलू शकतात. या क्षेत्रात सगळ्यांच्या ओळखीचं एक लहान जाळं आहे: वेन झॅकरी यांनी अभ्यासलेला एका कराटे क्लबमधल्या ३४ जणांचा स्नेहसंबंध. हा अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. वादामुळे क्लब फुटला आणि कोण कोणत्या बाजूला गेलं हे झॅकरींनी नोंदवलं होतं, म्हणून गट शोधणाऱ्या पद्धती त्यावर पारखल्या जातात. आज एक उत्तर आणि उद्या दुसरं आलं, तर ती पारख कशाची?

यासाठी फंक्शनला ‘सीड’ देता येतं, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या. वापरणारा संख्या देईल, तयार जनरेटर देईल किंवा काहीच देणार नाही. या सगळ्या शक्यता एक डेकोरेटर पाहून घेतो आणि आतल्या फंक्शनच्या हाती नेहमी एक जनरेटर ठेवतो. बारकावा असा की, संख्या दिली तर तो वेगळा नवा जनरेटर तयार करतो. पायथनच्या सामायिक जनरेटरला हात लावत नाही. त्यामुळे प्रोग्रामच्या दुसऱ्या कोपऱ्यात यादृच्छिक आकडे वापरणारं काही चालू असेल, तर त्याचा क्रम बिघडत नाही. ज्यांना संशोधनाचे निकाल पुन्हा काढून दाखवावे लागतात त्यांना याची किंमत कळेल.

काही मदतनीसांचं काम नकार देण्याचं आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. ‘कनेक्टेड कंपोनंट्स’ हे फंक्शन जाळ्याचे जोडलेले तुकडे शोधतं. रेषांना दिशा असेल तर ‘जोडलेले’ याचे दोन अर्थ होतात: दिशा विसरून जोडलेले, की जाण्या-येण्याची दोन्हीकडून वाट असलेले? वापरणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ आहे हे फंक्शनला कळायला मार्ग नाही. म्हणून त्याच्या माथ्यावर ‘नॉट इम्प्लिमेंटेड फॉर’ हा डेकोरेटर आहे. दिशा असलेला ग्राफ दिला की स्पष्ट एरर येतो आणि दोन अर्थांसाठी असलेल्या दोन वेगळ्या फंक्शन्सकडे वळावं लागतं. चुपचाप एखादं उत्तर देऊन टाकणं सोपं होतं, पण ते उत्तर पुढे एखाद्या अहवालात जाऊन बसलं असतं.

‘आर्बिट्ररी एलिमेंट’ही असाच सावध आहे. त्याचं काम संचातला कुठलाही एक घटक देणं. प्रत्येक रेषेवरून एकदाच जाऊन सुरुवातीच्या जागी परत येणारी ऑयलरची फेरी काढताना कुठूनही सुरुवात केली तरी चालते, तिथे ते वापरलं जातं. (क्योनिग्सबर्गच्या सात पुलांवरचा ऑयलरचा लेख १७३६ चा. ग्राफचा सगळा अभ्यास तिथून सुरू झाला असं मानतात.) पण एकदाच वाचता येणारा, वाचलेला घटक परत न देणारा इटरेटर दिला, तर हे फंक्शन नकार देतं. त्यातून एक घटक काढला असता तर मूळ माहितीतलाच एक कमी झाला असता, आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागला नसता.

आता तुलना. दोन ग्राफ सारखे आहेत का, हे विचारण्याच्या दोन तऱ्हा आहेत. ‘ग्राफ्स इक्वल’ नावं, रेषा आणि त्यांच्यावरची माहिती सगळं तंतोतंत जुळतं का ते पाहतं. चाचण्यांसाठी ते लागतं. दुसरा प्रश्न अवघड: नावं बाजूला ठेवली तर आकार एकच आहे का? याचं पक्कं उत्तर शोधायला वेळ लागू शकतो, म्हणून आधी झटपट चाळणी लावणारी तीन फंक्शन्स आहेत. सगळ्यात वेगवान फंक्शन प्रत्येक नोडचे शेजारी किती एवढंच जुळवून पाहतं. मधलं प्रत्येक नोड किती त्रिकोणांत आहे हेही पाहतं. तिसरं आणखी पुढे जाऊन प्रत्येक नोड किती घोळक्यांत आहे ते मोजतं. घोळका म्हणजे सगळे एकमेकांना जोडलेले आणि आणखी कुणाला सामावून न घेऊ शकणारे नोड.

या चाळण्यांची परीक्षा घ्यायला एक मराठी नाव असलेला ग्राफ आहे. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागर इथे झाला. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचं प्रमुखपद सांभाळलं. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी लॅटिन चौरसांबद्दलचा ऑयलरचा १७८२ चा अंदाज खोटा ठरवला, आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. त्याच वर्षी श्रीखंड्यांच्या एका स्वतंत्र शोधनिबंधातून सोळा नोडचा हा ग्राफ पुढे आला. २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, ते गेले.

बुद्धिबळाचा ४ × ४ चा पट घ्या आणि एका चालीत हत्ती जिथून जिथे जाऊ शकतो ती घरं जोडा. सोळा नोड, प्रत्येकाला सहा शेजारी, एकूण ४८ रेषा. कुठलेही दोन नोड घ्या, जोडलेले असोत वा नसोत, त्यांचे सामायिक शेजारी नेमके दोन. श्रीखंडे ग्राफचं वर्णनही अक्षरशः हेच, तरी तो हत्तीचा ग्राफ नाही. फरक एका नोडच्या शेजारपाजारात दिसतो. हत्तीच्या ग्राफमध्ये नोडचे सहा शेजारी तीन-तीनच्या दोन त्रिकोणांत विभागलेले असतात, श्रीखंडे ग्राफमध्ये तेच सहा जण एक षटकोन करतात.

आता चाळण्या लावू. पहिली दोन्हीकडे सहा-सहा शेजारी पाहते आणि ‘सारखे असू शकतील’ म्हणते. दुसरी त्रिकोण मोजते: दोन्हीकडे प्रत्येक नोड सहा त्रिकोणांत. तीही ‘असू शकतील’ म्हणते. तिसरी घोळके मोजते. हत्तीच्या ग्राफमध्ये प्रत्येक नोड दोन घोळक्यांत असतो, आपली आडवी ओळ आणि आपली उभी ओळ, प्रत्येकी चार जणांची. श्रीखंडे ग्राफमध्ये चार जणांचा घोळकाच बनत नाही, तिथले घोळके म्हणजे त्रिकोणच, आणि प्रत्येक नोड सहांत. तिसरी चाळणी ठामपणे ‘नाही’ म्हणते.

या तिन्ही फंक्शन्सच्या नावांत ‘कुड बी’ हे शब्द मुद्दाम ठेवलेले आहेत: त्यांचा नकार पक्का असतो, होकार कच्चा. पक्क्या होकारासाठी नेटवर्कएक्समध्ये व्हीएफ२ ही पद्धत आहे. ग्राफची तुलना करणारं नवं काही लिहिणाऱ्याने चाचणीत ही जोडी ठेवावीच, असा माझा आग्रह आहे. श्रीखंडे ग्राफ बांधायला फार खटपट लागत नाही. नोड म्हणजे शून्य ते तीन या आकड्यांच्या सोळा जोड्या. प्रत्येक जोडीतून एक पाऊल आडवं, एक पाऊल उभं आणि एक पाऊल तिरकं, म्हणजे दोन्ही आकड्यांत एकेक मिळवून, अशा तीन रेषा काढायच्या. तीनच्या पुढे गेलं की पुन्हा शून्यावर यायचं. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस.