प्रकाश रेणूतून इलेक्ट्रॉन काढतो तेव्हा

प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, हे आपण शाळेत धातूच्या पत्र्यावरून शिकतो. फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची ऊर्जा वजा इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा म्हणजे सुटलेल्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा, हा १९०५ साली आइन्स्टाईनने सांगितलेला हिशेब पाणी, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा लहान रेणूंनाही लागू पडतो. मात्र रेणूंबद्दल काही चुकीच्या समजुती पक्क्या बसल्या आहेत.

गैरसमज : प्रकाश पुरेसा प्रखर असला की इलेक्ट्रॉन सुटतोच.

वस्तुस्थिती : प्रखरतेने फोटॉनांची संख्या वाढते, एकेका फोटॉनची ऊर्जा वाढत नाही. पाण्याच्या रेणूतला सर्वांत सैल इलेक्ट्रॉन काढायलाही १२.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनकडे जेमतेम ३ असतात. अपवाद लेसरचा. नायट्रिक ऑक्साइडला ९.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट हवे असतात आणि २२६ नॅनोमीटरच्या फोटॉनकडे असतात फक्त ५.५. पण लेसरच्या दाट झोतात रेणू असे दोन फोटॉन शोषतो आणि काम भागतं.

गैरसमज : एका रेणूतले इलेक्ट्रॉन सारख्याच वेगाने बाहेर पडतात.

वस्तुस्थिती : हेलियमच्या दिव्याचा २१.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा अतिनील प्रकाश पाण्याच्या वाफेवर सोडला, तर इलेक्ट्रॉनांचे तीन वेगळे गट मिळतात. त्यांच्याकडे सुमारे ८.६, ६.४ आणि २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट गतिज ऊर्जा असते. २१.२ मधून ही शिल्लक वजा करा, म्हणजे कोणता इलेक्ट्रॉन किती घट्ट धरलेला होता ते कळतं : १२.६, १४.८ आणि १८.५. पाठ्यपुस्तकात पाण्यातल्या ऑक्सिजनवरच्या, बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या दोन एकाकी जोड्या अगदी सारख्या काढतात. या मोजमापात मात्र त्या सारख्या दिसत नाहीत. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये डेव्हिड टर्नर यांनी ही पद्धत रेणूंसाठी विकसित केली.

गैरसमज : इलेक्ट्रॉन गेला की रेणूचा बंध कमकुवत होतो.

वस्तुस्थिती : कोणता इलेक्ट्रॉन गेला, त्यावर ते ठरतं. नायट्रोजनचा सर्वांत सैल इलेक्ट्रॉन गेल्यावर बंधाची लांबी ११० पिकोमीटरवरून ११२ होते, म्हणजे बंध किंचित सैलावतो. ऑक्सिजनमध्ये उलटं घडतं. तिथे जाणारा इलेक्ट्रॉन बंधाला विरोध करणारा असतो. तो गेला की बंध १२१ वरून ११२ पिकोमीटरवर येतो, म्हणजे चांगलाच आवळतो.

गैरसमज : हे सगळं प्रयोगशाळेपुरतं.

वस्तुस्थिती : जमिनीपासून ६० ते ९० किलोमीटर उंचीवर हे रोज दिवसा घडतं. सूर्याच्या १२१.६ नॅनोमीटर किरणांत १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजनसाठी ते अपुरे; पण तिथल्या अत्यल्प नायट्रिक ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन काढायला पुरेसे. अशा सुट्या इलेक्ट्रॉनांमुळे बनणारा आयनांबराचा हा सर्वांत खालचा थर दिवसा रेडिओच्या मध्यम लहरी शोषतो आणि सूर्यास्तानंतर विरतो. दूरची मीडियम वेव्ह केंद्रं रात्री लागतात आणि दिवसा लागत नाहीत, ती यामुळेच.