नांगर थांबवला कुणी, कायद्याने की डिझेलने?

अमेरिकेत 1982 ते 2007 या काळात पिकाखालच्या जमिनीची धूप सुमारे 43 टक्क्यांनी घटली. त्यात 1985च्या शेती कायद्याचा हात होता, पण त्याने कुणाचा नांगर जप्त केला नव्हता. उताराच्या, लवकर धुपणाऱ्या जमिनीवर पीक घ्यायचं असेल तर संवर्धनाचा आराखडा पाळा, नाहीतर सरकारी अनुदान विसरा, एवढंच तो म्हणाला. आराखडा 1990पर्यंत करायचा, 1995पर्यंत शेतात उतरवायचा. बऱ्याच जणांनी त्यासाठी संवर्धित मशागत धरली: पेरणीनंतरही किमान 30 टक्के जमीन आधीच्या पिकाच्या अवशेषांनी झाकलेली. मक्याची धसकटं नि पाला पावसाच्या थेंबाचा मार अंगावर घेतात, मातीचे कण सुटत नाहीत, पाणी अडखळत मुरतं. नांगरलेल्या उघड्या रानात तोच थेंब माती उडवतो.

यावर आक्षेप असा की, शेतकऱ्याने नांगर सोडला तो डिझेल वाचवायला आणि तणनाशकं मिळाली म्हणून. कायद्याचं नाव उगाच. यात तथ्य आहे. शिवाय त्याच कायद्याने भाडं देऊन कितीतरी जमीन पडीक ठेवली, तिचाही वाटा मोठा. पण डिझेल सपाट रानातही वाचतं. तीव्र उताराच्या तुकड्याकडे वेगळं बघायला लावलं ते अनुदानाच्या अटीने. तणनाशकांवरचं अवलंबित्व मात्र खरी अडचण आहे. आणि 1997नंतर धुपेतली घट जवळजवळ थांबली, हे कायद्याच्या चाहत्यांनी लपवू नये.