एकाच वेळीं आजारी पडलेलीं मांजरें

आमच्या घरच्या तिन्ही मांजरांनीं एकाच दिवशीं अन्न टाकिलें व तीं ओकूं लागलीं. आम्हीं दुधास दोष दिला. धाकटें पिलूं दगावल्यावर पशुवैद्यांकडून कळलें, कीं हा पॅनल्युकोपेनिया नांवाचा संसर्गजन्य रोग होय. याचा विषाणु रक्तांतील पांढऱ्या पेशी घटवितो, भांडीं, अंथरूण व आपले हात यांवाटे पसरतो आणि घरांत वर्षभरहि टिकूं शकतो. मनुष्यास तो बाधत नाहीं.

म्हणून, विद्यार्थ्यांनो, आजारी मांजर तत्काळ निराळें ठेवा. निरोग्यांस आधीं खाऊं घाला, रोग्याची शुश्रूषा मागाहून करा व हात धुवा. माणसाचें पॅरासिटामॉल मांजरास विष होय. नागपुरांत १९५८ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें सल्ला घ्या. पिलांस ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून लस टोंचतां येते. आम्हीं ती टोंचविली नव्हती.