गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलमधील डायोडची परीक्षा

गिटारचा स्वर मुद्दाम खरखरीत करणारी जी लहान पेटी वादकाच्या पायाशी असते, तिच्यात तरंगाची शिखरे छाटण्याचे काम बहुधा एकमेकांस उलट जोडलेले दोन डायोड करतात. छाटणी कोणत्या पातळीला व्हावयाची, हे डायोडच्या अग्रदिश विद्युत् दाबावर ठरते. म्हणून पेडल बांधणारे मल्टिमीटरवर डायोड तपासतात, सिलिकॉनला सुमारे ०.६ व जर्मेनियमला सुमारे ०.३ व्होल्ट असा आकडा टिपून घेतात आणि निश्चिंत होतात. ही निश्चिंती कितपत रास्त आहे, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

प्रसंग घरचाच आहे. विठ्ठलवाडीहून लोकलने दादर, तेथे गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड, ही आमच्याकडील हौशी मंडळींची खरेदीची नेहमीची वाट. तेथून जर्मेनियम म्हणून, सिलिकॉनच्या कितीतरी पट भावाने आणलेल्या दहा डायोडांनी मीटरवर ०.३ व्होल्टच्या आसपासच आकडे दाखविले. पेडलही वाजले. परंतु ऑसिलोस्कोपवर छाटलेल्या शिखरांचे कोपरे जर्मेनियमच्या मानाने फारच टोकदार दिसू लागले, तेव्हा संशय आला.

मीटर डायोडमधून एकच ठरावीक प्रवाह सोडतो, बहुधा एक मिलिअँपिअरच्या आसपास, आणि त्या प्रवाहाला पडणारा दाब सांगतो. वस्तुतः अग्रदिश दाब हा एक आकडा नसून वक्र आहे. १एन४१४८ या नेहमीच्या सिलिकॉन डायोडात प्रवाह दहापट झाला की दाब साधारणतः ०.१ व्होल्टने वाढतो. आता आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध पेडलाची रचना पाहा. तेथे डायोड विवर्धकाच्या फीडबॅक-मार्गात असतात, आणि त्यांच्या वाट्यास येणारा प्रवाह ४.७ किलोओहमच्या रोधकाने मर्यादित होतो. गिटारकडून ०.१ व्होल्ट आला, तर तो प्रवाह फार तर २१ मायक्रोअँपिअर! मीटरने वापरलेल्या प्रवाहाचा हा जवळजवळ पन्नासावा भाग होय, म्हणजे ०.६ चा डायोड तेथे ०.४ च्या सुमारासच छाटू लागतो. उलट, एक किलोओहमच्या रोधकानंतर डायोड जमिनीला जोडला व विवर्धकाचा दाब ४ व्होल्टपर्यंत गेला, तर त्यातून तीन मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जातो. डायोड तोच, पण छाटणीची पातळी निराळी.

परीक्षेस लागणारी सामग्री क्षुल्लक आहे: ९ व्होल्टची बॅटरी आणि एक मेगओहम, शंभर, दहा व एक किलोओहम असे चार रोधक. प्रत्येक रोधक पाळीपाळीने डायोडशी एकसरीत जोडावा आणि डायोडवरील दाब मोजावा. सुमारे ९ मायक्रोअँपिअरपासून ९ मिलिअँपिअरपर्यंतचे चार बिंदू हाती येतात. आलेखास तेवढे पुरे.

आमच्या दहा डायोडांचे बिंग शेवटच्या बिंदूवर फुटले. बिंदुस्पर्श जर्मेनियम डायोडात अंतर्गत रोध बराच असतो. त्यामुळे ९ मिलिअँपिअरला त्याचा दाब अर्ध्या व्होल्टच्या बराच वर चढावयास हवा. हे डायोड मात्र ०.४ च्या आतच थांबले. ते शॉट्की जातीचे होते. एक मिलिअँपिअरला दोन्ही जाती जवळजवळ सारखाच आकडा देतात, आणि फसवणूक होते ती नेमकी येथे. (सुवर्णबंध जर्मेनियम डायोडचा अंतर्गत रोध कमी असल्याने त्याला ही कसोटी तशीच लावू नये.) काचेच्या नळीतील बारीक वळलेली तार भिंगातून पाहणे हाही एक उपाय आहे, पण काच रंगविलेली असली की तो खुंटतो.

डायोडांच्या जोड्या जुळविण्याचा मात्र अतिरेक होतो. दोन-चार मिलिव्होल्टचा भेद कानास जाणवतो, हे मला पटत नाही. बॉसने १९७७ साली काढलेल्या ओडी-१ या पेडलात तर छाटणी जाणूनबुजून असमान ठेवली होती. शिवाय तापमान एका अंशाने वाढले की दाब सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. पत्र्याच्या छपराखालील एप्रिलची दुपार आणि पहाट यांत दहा अंशांचा फरक पडला, तर दाबात २० मिलिव्होल्टचा फरक पडलाच. डायोड चिमटीत धरून मोजणाऱ्याच्या वहीत बोटांची ऊबही नोंदली जाते. म्हणून जोडणी केल्यावर हात काढून मिनिटभर थांबावे, मग आकडा लिहावा आणि शेजारी त्या वेळचे तापमानही.