रेंज फुल, नेट गुल

वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाची स्थापना १९९७ ची आणि वायफायचं मूळ मानक ‘८०२.११’ हेही १९९७ चंच. योगायोग म्हणून सोडून देऊ. पण त्या मानकातला एक नियम सेवाग्राम-सावंगीच्या मेडिकलपासून हिंगणघाटच्या कॉलेजांपर्यंत प्रत्येक भरलेल्या वर्गाला आजही लागू आहे: एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं. दोन फोन एकदम बोलले तर सहसा दोघांचंही वाया जातं. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये निरनिराळ्या बेटांवरून संगणक रेडिओने जोडला, त्या ‘अलोहा’ जाळ्यात कुणीही केव्हाही बोलावं अशी मुभा होती. गणित मांडलं तेव्हा दिसलं की अशाने फार तर १८ टक्के वेळ कामी येतो. वायफाय त्याहून शहाणं, आधी कानोसा घेऊन मग बोलतं. पण दोनशे फोन जमले की कानोसा घेण्यात आणि थांबण्यातच तास सरतो. रेंज म्हणजे आवाज पोचतो एवढंच. आपली पाळी कधी येईल, ते फोनवरच्या रेंजच्या दांड्या सांगत नाहीत.

तक्रारी आल्या की मात्र इंटरनेटची लाइन वाढवली जाते. विद्यापीठांना फायबरने जोडणाऱ्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला सरकारने २०१० मध्येच मंजुरी दिली; दारापर्यंत पाणी मुबलक येऊ शकतं, अडतं ते शेवटच्या तोटीशी. मग दुसरा उपाय, आणखी राउटर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. एकाच चॅनलवर चार राउटर आणि प्रत्येकावर विद्यार्थी, शिक्षक, परीक्षा, पाहुणे अशी नेटवर्कची चार नावं ठेवली, तर प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा पुकारलं जातं. जुन्या, सर्वांत संथ वेगात एका पुकाऱ्याला दोन मिलिसेकंद धरले, तरी १६० पुकाऱ्यांत सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. कुणी एक अक्षरही वाचण्याआधी! तेव्हा नावं एक-दोनच ठेवावीत, संथ वेग बंद करावेत, मोठ्या वर्गात ५ गिगाहर्ट्झवर तीन-चार राउटर वेगवेगळ्या चॅनलवर लावावेत आणि त्यांची ताकद मुद्दाम कमी करावी. हे उलटं वाटतं खरं. पण ज्याचा आवाज शेजारच्या वर्गात पोचतो, तो तिथलाही वेळ खातो.

यावर कुणी म्हणेल, मोबाईलचा डेटा स्वस्त आहे, वायफाय हवंच कशाला? पण टॉवरची क्षमताही वाटूनच घ्यावी लागते, आणि जाड भिंतींच्या आत ती आणखी आटते. त्यात कुणी हॉटस्पॉट सुरू केला, की तो वायफायच्याच हवेत आणखी एक राउटर झाला. वर्गात फोन हवाच कशाला, हा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि व्याख्यानापुरता मला तो मान्यही आहे. ऑनलाइन परीक्षा आणि हजेरी मात्र कॉलेजच लावतं. सगळ्यांनी एकाच मिनिटाला ‘सबमिट’ दाबावं अशी व्यवस्था करणाऱ्याने त्या मिनिटाची सोयही करायला हवी. राहिला खर्च. राउटरपेक्षा प्रत्येकापर्यंत केबल नेण्याचं आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात नेटवर्कचे स्विच थंड ठेवण्याचं काम जास्त चिवट आहे. त्यातून काटकसर करायचीच, तर ती चाचणीत करू नये. रविवारी रिकाम्या सभागृहात घेतलेलं माप फसवं असतं, कारण माणसाच्या अंगातलं पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. चाचणी घ्यायची ती सगळ्या बाकांवर मुलं बसलेली असताना.